काजवे बघायला निघालात? मग हे वाचाच

मे संपत आला की पुण्या-मुंबईच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, भंडारदरा काजवा महोत्सव, टेंट, गावरान जेवण, डीजे फ्री. अजून गेला नसाल तर जन्म फुकट गेला समजा, त्यामुळे येता शनिवार पकडाच. आणि शनिवारच हां, मधल्या वारी गेलात तर घाटघरच्या रस्त्यावर धड ट्रॅफिकसुद्धा लागत नाही, मग महोत्सवाचा फील कुठून येणार?

गाडी मोठी न्या आणि हेडलाईट अप्परलाच ठेवा. आता काजव्यांचं कसं असतं, नर उडता उडता लुकलुकतो, मादी खाली गवता-झुडपात बसून लुकलुकूनच होकार कळवते, एवढंच त्यांचं बोलणं आणि ते जमलं तरच पुढच्या वर्षीचे काजवे. एवढ्याशा उजेडात लग्नं जुळवायची म्हणजे काय! मारा तुमचा एलईडी फॉगलॅम्प मधे. नराला मादी दिसली नाही तर तो त्यांचा घरगुती मामला आहे, आपण पैसे भरून आलोय.

एखादं हिरड्याचं नाहीतर सादड्याचं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत एका तालात पेटताना-विझताना दिसलं की लांब उभे राहून बघत बसू नका, तसं काय टीव्हीवरही दिसतं. गवत तुडवत थेट झाडाखाली जा (मादी तिथेच बसलेली असते, पण तिचं कुठे बुकिंग आहे), फांदी गदागदा हलवा, त्याने जास्त चमकतात असं टेंटवाल्याच्या मेहुण्याने सांगितलेलं असतंच. पोरांना बाटलीत दोन-चार धरून द्या. अळी असताना त्याने कित्येक महिने पाचोळ्यात गोगलगायी खाऊन काढलेले असतात, आणि पंख फुटल्यावर हातात जेमतेम दोन-तीन आठवडे, त्यातला एक वीकेंड तुमच्या बाटलीत गेला तर एवढं काय.

अंगभर मच्छरांचा स्प्रे मारा, काजवाही किडाच आहे हे त्या स्प्रेला कळत नाही, ही त्याची चूक.

आता फोटो. फ्लॅश पाहिजेच. फ्लॅशने काजवा येत नाही, पुढच्या माणसाची पाठ येते, पण हरकत नाही, रीलवर गाणं टाकलं की चालतं. इन्स्टावरचे ते सोनेरी ठिपक्यांचे जंगल ट्रायपॉड लावून, शटर बराच वेळ उघडं ठेवून, मग कितीतरी फोटो एकावर एक चढवून केलेलं असतं, हे तुम्हाला आयोजक सांगणार नाही, पोस्टरवर मात्र तेच छापणार.

चेकनाक्यावर कुणी म्हणालं की हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, लाईट बंद, स्पीकर बंद, तर त्याला साहेबांचा फोन लावून द्या. कुठले साहेब ते नंतर बघू.

घरी आलात की रिव्ह्यू टाका: भजी मस्त, पार्किंग ठीक, काजवे ऐकले त्यापेक्षा कमी, आणि जागेवर लाईटची अजिबात सोय नाही. दोन स्टार.