बर्फात धावणं, माकडटोपी आणि मुलुंडच्या काकांचा राग

काका, सप्रेम नमस्कार.

बर्फात धावण्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना त्यातला एक मुद्दा अगदी बरोबर आहे हे पटलं, म्हणून हे लांबलचक उत्तर. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. पार्ल्यात बसून बर्फात धावण्याची प्रवचनं कोणासाठी? टोरांटोत दहा आठवडे राहून कोणी जाणकार होत नाही. ‘कपडे कमी घाला’ हा सल्ला एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. आणि तुमचा मुलगा १२ वर्षं कॅल्गरीत आहे, तो हिवाळ्यात गपचूप जिममध्ये धावतो.

कोणासाठी, ते आधी सांगते. लेकीचं किंवा सुनेचं बाळंतपण काही हवामान बघून येत नाही. ऐन डिसेंबरात डिंकाचे लाडू बॅगेत भरून निघणारे आईवडील आपल्या प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांना रोज पहाटे साडेपाचला बाहेर पडायची सवय असते. चार दिवस घरात काढले की जीव कोंडतो आणि पाचव्या दिवशी जावयाचं जॅकेट चढवून स्वारी रस्त्यावर. मीही अशीच निघाले. जाणकार नाही, कबूल. पण तिथे १२ वर्षं काढलेल्याला जे सांगावंसंही वाटत नाही, तेच नवख्याला नडतं.

आता कपडे. इथे चूक माझी. ‘कमी घाला’ असं तुटक लिहायला नको होतं. बाहेर आहे त्यापेक्षा साधारण १० अंश जास्त तापमान आहे असं धरून धावण्याचे कपडे घालायचे, एवढंच मला म्हणायचं होतं. उणे ५ असेल तर ५ अंश समजा. पहिली पाच-दहा मिनिटं कुडकुडायला होतं, मग शरीर तापतं. हे चालायला जाणाऱ्यांसाठी नाही, त्यांनी जास्तच घालावं. कान आणि हातांची बोटं तर सगळ्यांनीच झाकायची. आपल्या माकडटोपीला तिथे कोणी हसत नाही.

माझं काय झालं ते सांगते. उणे ६ तापमान, अंगात सुती बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर पिसांचं जाडजूड जॅकेट. दोन किलोमीटरमध्ये आतून चिंब. मुंबईकराला घामाचं काय कौतुक! तेवढ्यात फोन आला म्हणून थांबले. पाचेक मिनिटांत दात वाजायला लागले, बटण काढायला बोटं वळेनात. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं आणि सुती कापड ते पाणी अंगाला चिकटवून ठेवतं. म्हणून आत घाम बाहेर टाकणारं सिंथेटिक किंवा लोकरीचं, मध्ये पातळ उबदार, वर वारा अडवणारं. थंडीची भीती आपल्याला असतेच हो, घामाची नसते.

वाऱ्याचंही तसंच. तापमान उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. मी तलावाकाठी धावायचे, तिथे तर अडवायला काहीच नाही. त्यामुळे जाताना वारा तोंडावर घ्यायचा आणि येताना, घाम आलेला असताना, पाठीवर. उलटं केलंत तर परतीची वाट संपता संपत नाही.

घसरण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण माझ्या मते खरा धोका तोच. ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे जुहूची कोरडी वाळू, पोटऱ्या दुखतील इतकंच. वाईट तो न दिसणारा. दुपारी वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर पुन्हा गोठतं आणि नुसतं ओलं डांबर वाटतं. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. म्हणजे आपली पहाटेची वेळ तिथे सगळ्यात घातक. डिसेंबरअखेर टोरांटोत सूर्यच पावणेआठनंतर उगवतो. इथे आपण ऊन चुकवायला धावतो, तिथे मी भर दुपारी बाराला निघायचे. पावलं कशी टाकायची ते मात्र आपल्याला येतं. साबणाच्या पाण्याने भरलेल्या मोरीतून कसे चालतो? छोटी पावलं, पाय अंगाखालीच, वळताना घाई नाही. तसंच धावायचं. बुटांवर चढवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या बर्फावर उत्तम, पण साफ केलेल्या काँक्रीटवर किंवा दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर त्याच आडवं पाडतात.

आणखी एक, वरवर क्षुल्लक. आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, तिकडे उजवीकडून. फुटपाथ बर्फाने बुजला आणि रस्त्यावर उतरावं लागलं, तर समोरून येणारी गाडी दिसायला तिथे डाव्या कडेने धावायला हवं. माझे पाय पहिला आठवडाभर सवयीने उजवीकडेच जात होते.

तुमच्या मुलाचं ट्रेडमिलही मला मान्य आहे. गोठणारा पाऊस पडत असेल तर मीही घरातच. वाऱ्यासकट थंडी उणे २७-२८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, तेव्हाही घरातच. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. कोरड्या गार हवेने दम्याचा त्रास उसळतो. तेव्हा हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असलेल्यांनी तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारावं. हे मूळ लेखात यायला हवं होतं, आज घातलंय. ‘कपडे कमी घाला’ हे वाक्यही काढलं.

एक विनंती. बोट पांढरं पडून बधिर झालं तर बर्फाने चोळायचं, असं माझ्या जुन्या लेखाखाली कोणीतरी लिहून गेलंय. ते अगदी चूक आहे, चोळायचंच नाही. घरात येऊन कोमट पाण्यात धरायचं, संवेदना परत आली नाही तर डॉक्टरांकडे. माझं तिथे कोणी ऐकत नाहीये. तुमच्या खास शैलीत तुम्हीच दोन ओळी लिहाल का?