डेटाबेसला व्हीआयपी पास द्या, डिस्कचं डिस्क बघेल

रात्री 2 ला लिनक्स सर्व्हरवरची साइट झोपली तर अजिबात घाबरायचं नाही, टॉप (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) उघडायचं, डेटाबेसचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) उचलायचा आणि रिनाइस करून, म्हणजे प्रायॉरिटी बदलून, सरळ -20 हाणायचा. 19 पासून -20 पर्यंतच्या रांगेत -20 म्हणजे साक्षात व्हीआयपी दर्शन पास, आणि रूट (सर्वाधिकारी यूजर) असल्यावर अडवतंय कोण. फरक नाही पडला? कसा पडेल, नाइस (हाच तो प्रायॉरिटीचा आकडा) सांभाळतो सीपीयूची रांग आणि सीपीयू तर डिस्कची वाट बघत माश्या मारतोय, टॉपमध्ये डब्ल्यूएचा (डिस्कची वाट बघण्याचा) आकडा समोरच दिसतोय. पण असल्या बारीकसारीक गोष्टींत शिरायचं नाही. आडात नसलं तरी पोहऱ्यात आणायची जिद्द पाहिजे.

मग वेबसर्व्हरलाही -20 द्या, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून बॅकअपच्या टारलाही (फाइलींचं गाठोडं बांधणारी कमांड). सगळेच व्हीआयपी झाले की परत तीच रांग, पण निदान कमांडच्या हिस्टरीत मेहनत दिसते.

एवढ्यात कुणीतरी शहाणा आयओनाइस (डिस्कच्या रांगेसाठीचा नाइस) सुचवेलच, बॅकअपला आयडल क्लास लाव म्हणजे डिस्क रिकामी असेल तेव्हाच त्याचा नंबर. लावा की! फक्त त्या डिस्कला शेड्युलर (डिस्कची रांग लावणारा) कुठला आहे ते बघू नका. तिथे 'नन', म्हणजे कुणीच नाही, लिहिलेलं असलं (वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर बहुतेकदा असतंच) तर तुमची चिठ्ठी वाचायला खिडकीवर कुणी बसलेलंच नाही. जुना शेड्युलर सीएफक्यू ती वाचायचा, त्याला 2019 मध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) 5.0 ने घरी पाठवलं. आता मन लावून वाचतो तो बीएफक्यू शेड्युलर, तो तुम्ही लावलेला नसतो. आणि समजा लावलाच, तरी साधं राइट आधी मेमरीत साठतं आणि मग कर्नलचा फ्लशर थ्रेड आपल्या सवडीने ते डिस्कवर नेऊन टाकतो, त्यामुळे बॅकअपच्या गळ्यातली 'मी आयडल' पाटी वाटेतच कुठेतरी गळून पडते. 7200 आरपीएमची फिरती डिस्क असेल तर बघायलाच नको, सेकंदाला जेमतेम शंभरेक रँडम आयओ (विखुरलेल्या जागी वाचणं-लिहिणं), त्यात तुमचा डेटाबेस आणि तुमचा टार.

शेवटचा उपाय किल -9, प्रोसेस जबरदस्तीने मारायची कमांड. डी स्टेटमधली (डिस्कची वाट बघत अडकलेली) प्रोसेस त्यालाही भीक घालत नाही, पण मारल्याचं समाधान वेगळंच.

मी एकदा असाच पहाटेपर्यंत झुंजलो, मग आठवलं की बॅकअपचा 2 चा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मीच लावला होता. 6 ला बॅकअप आपोआप संपला, साइट पळायला लागली. लगेच साहेबांना मेल टाकला, 'प्रायॉरिटी ट्यून केली आहे'.