दुकानदाराचं घर म्हणजे वारसा नव्हे?

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर पुण्याच्या कसबा पेठेतल्या एका पडक्या वाड्याची बातमी आली आणि माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, लगेच निकाल दिला : "गड-किल्ले जपा, तो आपला इतिहास. दुकानदारांची घरं जपून काय करायचंय? तिथे कुठला राजा जन्मला?" त्याखाली पटापट अंगठे उमटले. जुलै 2025 मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी आणि इतर किल्ले मिळून बारा गडांना युनेस्कोचा मान मिळाला, तेव्हा मीही आनंदाने रडले होते. पण तेव्हापासून हा सूर चढत चालला आहे, आणि तो मला सहन होत नाही.

मी जपानमधल्या नागोयात राहते. इथे ताकाओका स्टेशनला उतरून थोडं चाललं की शुमोकुकान लागतं. चिनी मातीच्या भांड्यांची निर्यात करणारा व्यापारी, इमोतो तामेसाबुरो, त्याचं हे घर. ना सरदार, ना कवी. कप-बशा विकणारा माणूस. तैशो काळाच्या अखेरीस, शोवाच्या सुरुवातीला, म्हणजे 1926 च्या आगेमागे त्याने ते बांधलं. एकेकाळी सामुराईंची घरं होती त्याच लांबट जागेवर, सुमारे 600 त्सुबोंत, म्हणजे जवळपास 2,000 चौरस मीटरांत. पुढे परदेशी गिऱ्हाइकांना बसवायला रंगीत काचांची पाश्चात्त्य धाटणीची इमारत, मागे कुटुंबाचं जपानी घर, चहाची खोली, दोन कोठारं, मधे बाग. आज ते घर नागोया शहराचं वारसास्थळ आहे. तिकीट 200 येन.

मी तिथे पुनःपुन्हा जाते ते धंदा समजून घ्यायला. माती जवळच्या सेतो आणि मिनो या भागांतली. तिथल्या भट्ट्यांत भाजलेली पांढरी, कोरी भांडी नागोयात यायची. 1900 मध्ये नागोयाहून मिनोतल्या ताजिमीपर्यंत रेल्वे झाली आणि हा ओघ वाढला. मग किल्ल्याच्या पूर्वेकडच्या याच गल्ल्यांत त्यांवर गुलाब, सोन्याच्या रेघा, उठावाची नक्षी चढायची, कमी आचेवर पुन्हा भाजणं व्हायचं आणि गवतात गुंडाळून, लाकडी पेट्यांत भरून माल बंदरावर जायचा. पहिल्या महायुद्धात युरोपचा माल अडला, तेव्हा या गल्ल्यांना उसंत राहिली नाही. ते गुलाब जपानी घरात कुणी वापरत नव्हतं. परक्यांच्या जेवणाच्या टेबलासाठी ते रंगवणाऱ्या शेकडो हातांची नावं कुठेच नाहीत. त्यांचा पत्ता सांगणारं जे थोडं उरलंय, त्यात हे घर आहे.

आता दादासाठी एक गोष्ट. नागोयाचा किल्ला 14 मे 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आज दिसतो तो मुख्य मनोरा 1959 चा, काँक्रीटचा, आणि 2018 पासून भूकंपाच्या भीतीने त्यात प्रवेशही बंद आहे. तो लाकडात पुन्हा उभारायचा का, यावर शहर वर्षानुवर्षं भांडतंय. म्हणजे राजाचं घर नक्कल, दुकानदाराचं घर अस्सल. विसाव्या शतकात नागोया कसं जगलं हे मला मनोरा सांगत नाही, इमोतोचं कोठार सांगतं.

"तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? वाडे कोसळतात, माणसं मरतात." हेही दादा म्हणतो, आणि हे खरं आहे. दर पावसाळ्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात. भाडं इतकं किरकोळ की मालक कौलही बदलत नाही, भाडेकरू निघायला तयार नसतात, वारस वीस-पंचवीस. जिवापेक्षा तुळई मोठी नाही. पण दादाचं पहिलं वाक्य सुरक्षेचं नव्हतं, लायकीचं होतं. जमीन जपानइतकी फार थोड्या ठिकाणी हलते, आणि तरी इथे आधी "हे आपलं आहे का?" असा प्रश्न विचारतात, मग आधाराचे खांब. जपान काही पाडत नाही असं मी म्हणत नाही. तोक्योतला नाकागिन कॅप्सूल टॉवर 2022 मध्ये गेलाच. मात्र या भागात चिकारा, शिराकाबे, शुमोकु या गल्ल्या 1985 पासून एकत्र जपल्या गेल्या, आणि जवळच्या फुताबाकानचं, सादायाक्को या नटीच्या घराचं, एकेक लाकूड हलवून ते 2005 मध्ये पुन्हा उभं केलं.

आणि आपल्या पेठा तरी कुणी वसवल्या? पेशवाईत नवी पेठ बसवायची तर शेटे-महाजन नेमावे लागत, व्यापाऱ्यांना सवलती द्याव्या लागत. तलवारीने पेठ वसत नाही. आमचे आजोबा, दादाचे सख्खे आजोबा, भांड्यांचे व्यापारी होते. तांबट आळीतून माठारकाम केलेले बंब, घंगाळं, हंडे घ्यायचे आणि गावोगाव पाठवायचे. अंगणात माल उतरायचा, ओसरीवर कल्हईवाला बसायचा, माजघरात उधारीचे वाद चालायचे. इमोतोच्या कोठारात मी शिरले की मला हेच दिसतं. पुण्यातच चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या वज्र्या आयुष्यभर गोळा केल्या, आणि 1975 मध्ये सगळं राज्य सरकारला दिलं. परदेशी पाहुणा आला की दादा त्याला त्या केळकर संग्रहालयातच घेऊन जातो. त्या वज्र्या ज्या न्हाणीघरांत होत्या, ती मात्र कुणाला नकोत.

आजोबांचा वाडा आता नाही. पुण्यात गेले की मी भावाच्या फ्लॅटमध्ये, बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर झोपते, आणि आठव्या दिवशी सगळे विचारतात, "परत कधी?" इथे माझ्या रहिवासी कराचा कणभर भाग नागोयाच्या तिजोरीत जातो, म्हणजे इमोतोच्या घराला मी थोडी शाकारतेसुद्धा, पण या शहरात मला मत नाही आणि होणारही नाही. माझ्या मुलीला शाळेतून तिथे नेलं होतं. तिने घरी येऊन इमोतोच्या धंद्याची गोष्ट मला सांगितली, न अडखळता, जपानीत. पणजोबांच्या धंद्याची गोष्ट तिला सांगायची तर माझ्याकडे बोट दाखवायला जागा नाही. दादावर मी इतकी का चिडले, याचं खरं उत्तर हे आहे.

दादा, तुझ्या माळ्यावर आजोबांच्या रोजमेळाच्या वह्या आणि तो मोठा तराजू आहे. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देऊ नकोस. वह्यांच्या पानापानाचे फोटो काढून घे, खर्च मी देते. कोणता हंडा कुठल्या गावाला गेला, कोणत्या तांबटाला किती मजुरी दिली, हे त्यात लिहिलेलं आहे. मी पुढच्या वेळी आले की आपण दोघं बसून ते वाचू, आणि तांबट आळीत अजून ठोके घालणाऱ्या घरांना दाखवायला घेऊन जाऊ.