शिवी नेमकी कोणासाठी असते?

तीनेक वर्षांपूर्वी मी एका राजकीय पोस्टखाली एक कमेंट टाकली होती. समोर शाळेपासूनचा मित्र, त्याने दोन मुद्दे मांडले होते आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मग मी काय केलं, तर त्याच्या पक्षाच्या झाडून सगळ्या समर्थकांना एक टोपणनाव ठेवलं, दोन शब्दांचं, यमक जुळणारं. धडाधड लाईक पडले, आमच्या बाजूचे लोक ते नाव पुढे वापरायलाही लागले, मित्राने काही उत्तर दिलं नाही आणि मला वाटलं जिंकलो.

ते नाव इथे परत लिहीत नाही, कारण अजूनही आठवलं की मला थोडं हसू येतं. प्रॉब्लेम तोच आहे.

आपण म्हणतो ना, 'चांगलं सुनावलं त्याला'. पण मी त्याला सुनावतच नव्हतो. त्याला पटवायचं असतं तर इनबॉक्समध्ये गेलो असतो, फोन केला असता. मी बोलत होतो माझ्या मागे उभ्या असलेल्या गर्दीसाठी. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाच लाखांहून जास्त ट्विट तपासली, बंदुकांचे कायदे, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरची. नीती-अनीती आणि भावना दोन्ही भरलेला एकेक शब्द वाढला की ट्विट साधारण २० टक्क्यांनी जास्त पसरतं असं त्यांना दिसलं. पण त्यातली खरी गंमत पुढेच आहे, ते पसरतं मुख्यतः आपल्याच कळपात! पलीकडे फारसं जातच नाही. म्हणजे एवढा घसा फोडून आपण ओरडतो कोणासाठी, तर ज्यांना आधीच पटलेलंय त्यांच्यासाठी.

आणि हे काही फेसबुकने शिकवलेलं नाही. १८५६ चा मे महिना, अमेरिकेची सिनेट, कॅन्ससमध्ये गुलामगिरी येऊ द्यायची की नाही यावर रण पेटलेलं. गुलामगिरीच्या विरोधातले, मॅसॅच्युसेट्स राज्याचे सिनेटर चार्ल्स समनर १९ आणि २० तारखेला, सलग दोन दिवस बोलले. मुद्दा त्यांचा शंभर टक्के बरोबर होता, यात माझ्या मनात काडीची शंका नाही. पण बोलता बोलता त्यांनी साउथ कॅरोलिनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांना गुलामगिरी नावाची रखेल ठेवलेला माणूस म्हटलं, वर त्यांच्या अडखळत्या बोलण्याचीही टिंगल केली. बटलर तेव्हा सभागृहात हजरच नव्हते! म्हणजे ऐकणार कोण होतं? २२ तारखेला बटलर यांचे नातेवाईक प्रेस्टन ब्रुक्स, जे खालच्या सभागृहाचे सदस्य होते, सिनेटमध्ये आले आणि बाकावर बसलेल्या समनरना काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं. शब्द आणि काठी एकाच मापात तोलायचे नाहीत, गुन्हा ब्रुक्सचाच. पण पुढचं बघा. गुलामगिरीवाल्या दक्षिणेतल्या लोकांनी ब्रुक्सना नव्या काठ्या भेट पाठवल्या, राजीनामा देऊन ते परत निवडूनही आले. इकडे मॅसॅच्युसेट्सने समनरनाही पुन्हा निवडलं, ते बरे होऊन परत येईपर्यंत तीनेक वर्षं खुर्ची रिकामी ठेवली. दोघेही आपापल्या घरचे हिरो. मधल्या कोणाचं मत बदललं असेल तर ते आणखी कडवटच झालं असणार.

आपल्या लोकांसाठी मारलेला डायलॉग समोरच्याच्या हातात आयता बॅनर देतो, हेही कितीदा झालंय. १९४८ मध्ये ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या यशाच्या उंबरठ्यावर, मंत्री अनायरिन बेव्हन भाषणात विरोधी टोरी, म्हणजे कंझर्व्हेटिव्ह पक्षाला 'व्हर्मिन'पेक्षा, म्हणजे उंदीर-घुशींपेक्षा खालचे म्हणाले. टोरींनी काय करावं? त्याच नावाचा क्लब काढला, छातीवर बिल्ले लावून फिरले, त्यात तरुण मार्गारेट थॅचरही होत्या. (तसा 'टोरी' हा शब्दही मुळात आयरिश लुटारूंना वापरायचे, म्हणजे शिवीच. त्यांना सवय असणार.) २०१६ च्या सप्टेंबरमध्ये हिलरी क्लिंटन निधी गोळा करायच्या कार्यक्रमात, आपल्याच देणगीदारांसमोर, ट्रम्प समर्थकांपैकी निम्म्यांना एका टोपलीत टाकून 'डिप्लोरेबल' म्हणजे निंदनीय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी 'निम्मे' म्हणायला नको होतं अशी सारवासारव केली, पण तो शब्द टी-शर्टवर छापून लोक मिरवायला लागले ते लागलेच.

बरं, ही सगळी तोंडून सुटलेली वाक्यं नसतात, कारखानापण असतो. १९९० मध्ये अमेरिकेतले रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांच्या गोपॅक या संघटनेने रिपब्लिकन उमेदवारांना चक्क शब्दांची यादी वाटली. विरोधकांसाठी 'आजारी', 'दयनीय', 'भ्रष्ट', 'गद्दार', स्वतःसाठी 'धैर्य', 'कुटुंब', 'मुलं', 'स्वातंत्र्य'. म्हणजे विचार करायची गरजच नाही, यादीतून उचला आणि चिकटवा. आपल्याकडचे 'भक्त' आणि 'चमचे' पण असेच रेडिमेड मिळतात, दोन्ही दुकानं चोवीस तास उघडी.

आणि माणसाला किडा-मुंगी म्हणायला लागलं की मला खरंच भीती वाटते. १९९४ ला आफ्रिकेतल्या रवांडात तुत्सी जमातीचा वंशसंहार चालला होता, तेव्हा आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन तुत्सींना 'इन्येंझी' म्हणजे झुरळं म्हणत होतं. तेही तुत्सींना ऐकवण्यासाठी नव्हे, ज्यांच्या हातात कोयते होते त्यांच्यासाठी. प्रत्येक टवाळी तिथपर्यंत जाते असं अजिबात नाही, पण झुरळाशी कोणी चर्चा करत नाही एवढं नक्की.

आता कोणीतरी म्हणणार, मग काय गुळमुळीत बोलायचं का, चोराला चोर म्हणायचं नाही का? म्हणा की! जुलै २०२१ मध्ये ब्रिटिश खासदार डॉन बटलर यांनी पंतप्रधान बोरिस जॉन्सन सभागृहाशी वारंवार खोटं बोललेत असं म्हटलं. तिथल्या नियमात दुसऱ्या सदस्याला खोटं बोलतो म्हणायची परवानगी नाही, शब्द मागे घेईनात म्हणून त्यांना दिवसभरासाठी बाहेर काढलं. मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. कारण त्यांनी पंतप्रधानांची एकेक विधानं समोर ठेवली होती, कोणालाही तपासून बघता येतील अशी. चुकीचं असेल तर चुकीचं ठरवा. माझ्या यमकवाल्या नावाचं काय तपासणार? ते बरोबरही नव्हतं, चूकही नव्हतं, नुसतं चिकटत होतं. शिवाय सभ्य भाषेत धडधडीत खोटं बोलणारेही बघितलेत मी भरपूर, त्यामुळे नुसत्या गोड आवाजाचं मला काही कौतुक नाही.

मित्राच्या त्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मी नंतर शोधलं. अर्धं सापडलं, अर्ध्यात तोच बरोबर निघाला. त्याला मेसेज करून सांगितलं, दोन निळ्या टिका आल्या, बाकी काही नाही. ती कमेंट मात्र मी इतके दिवस काढली नव्हती, कारण खाली लाईक होते ना. गेल्या महिन्यात कुठल्या तरी अनोळखी माणसाने ती शोधून परत एक हसरा इमोजी टाकला, तेव्हा डिलीट केली.