शूची जागा तेलाने वर सरकत नाही

मुलाची शू टोकातून न येता खालच्या बाजूने येत असेल तर काय करावं, हे सांगणारा एक मेसेज बाळ-बाळंतिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा फिरतोय. त्यातलं म्हणणं असं: घाबरू नका, आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून हे होतं, रोज तेल चोळलं की भोक वर्षा-दोन वर्षांत आपसूक टोकाशी येतं, नाहीच आलं तर सुंता करून घ्या, आणि ऑपरेशन मुलगा वयात आल्याशिवाय करू नका, तान्ह्या बाळाला भूल सोसत नाही, शिवाय ऑपरेशनमुळे पुढे मूलबाळ होत नाही.

या दोषाला हायपोस्पॅडियास म्हणतात. साधारण दर २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाला तो असतो, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही.

आधी ग्रहण. पोटातल्या मुलाचा मूत्रमार्ग सुरुवातीला उघड्या पन्हळीसारखा असतो आणि गर्भाच्या आठव्या ते चौदाव्या आठवड्याच्या आसपास मुळाकडून टोकाकडे मिटत जातो. हे काम पुरुषी हार्मोन्सच्या जोरावर चालतं. ते मध्येच थांबलं की भोक तिथेच राहतं. सोबत बऱ्याचदा शिश्नाला खाली बाक असतो आणि पुढची कातडी फक्त वरच्या अंगाला टोपीसारखी जमलेली दिसते. आता सातव्या महिन्यात ग्रहण लागलं आणि बाईने विळीवर भाजी चिरली, तर तोवर हे सगळं होऊन तीनेक महिने उलटलेले असतात. विळीचा संबंध कसा लावायचा?

बहुतेक मुलांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. घराण्यात असणं, वारेने (प्लॅसेंटाने) नीट काम न केल्याने गर्भाची वाढ खुंटणं, आईला आधीपासून मधुमेह असणं, यांनी शक्यता वाढते. क्वचित हार्मोनशी निगडित जनुकात दोष निघतो. आमच्या ओपीडीत आईकडे बोट दाखवणारं कुणी ना कुणी सोबत असतंच. मग बाळाला तपासताना बाप हळूच म्हणतो, ‘डॉक्टर, माझंही थोडं असंच आहे.’ त्यानंतर ग्रहणाचा विषय निघत नाही.

निदानाबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकतं. निदान जन्मल्यावर डोळ्यांनी आणि बोटांनी होतं. भोक कुठे आहे, बाक किती, आणि दोन्ही गोट्या पिशवीत उतरल्यात का, हे बघायचं. भोक टोकाजवळ आणि गोट्या जागेवर असतील तर सोनोग्राफीचीसुद्धा गरज नसते. मी आईवडिलांना एवढंच सांगतो, शूची धार मोबाइलवर शूट करून आणा. ती कुठून निघते, सरळ जाते की पायावर उडते, ते त्यात नीट दिसतं. पण भोक खूप मागे असेल आणि दोन्हींपैकी एक जरी गोटी हाताला लागत नसेल, तर क्रोमोसोम आणि हार्मोनच्या तपासण्या लागतात. दोन्ही लागत नसतील तर त्या तातडीने व्हायला हव्यात. ते मूल मुलगी असू शकतं, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात आजारामुळे मुलासारखी दिसणारी. अशा बाळाच्या शरीरातलं मीठ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत इतकं कमी होऊ शकतं की जिवावर बेततं. इथे ‘घाबरू नका’ म्हणून घरी बसवणं धोक्याचं आहे.

तेलाचं एका ओळीत: चोळल्याने भोक सरकत नाही, मूल वाढतं तसं तेही आहे त्याच जागी राहून वाढतं.

सुंता मात्र मुळीच करू नका. तीच कातडी पुढे दुरुस्तीला लागते. ती काढून टाकली आणि दोष मोठा असला, तर ओठाच्या किंवा गालाच्या आतलं अस्तर काढून वापरायची वेळ येऊ शकते. काही घरांत ‘जन्मतःच सुंता झालेला’ म्हणून अशा बाळाचं कौतुक होतं. कौतुक जरूर करा, पण एकदा दाखवून घ्या.

ऑपरेशन साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. त्या वयात जखम चांगली भरते, मुलाला पुढे काही आठवत नाही आणि शूसाठी घातलेली नळी डायपरमध्ये सांभाळता येते. वयात आल्यावर गुंतागुंत वाढते, दुखतंही जास्त. भुलीची शंका मात्र अगदीच निराधार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल इशारा दिला होता. २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, तान्हेपणी तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांच्या बुद्धीत पाचव्या वर्षी फरक दिसला नाही. आमचं ऑपरेशन बहुधा एक ते तीन तासांचं असतं, म्हणून हा प्रश्न भूलतज्ज्ञाला विचाराच. पण त्याचं उत्तर ‘पंधरा वर्षं थांबा’ हे नाही.

करतात काय? आधी बाक सरळ करायचा, मग मूत्रमार्गाची उरलेली पट्टी मध्ये उभी चिरून नळीभोवती गुंडाळून शिवायची, वर ऊतींचा एक थर घालायचा. ही पद्धत अमेरिकन सर्जन स्नॉडग्रास यांनी १९९४ मध्ये मांडली आणि टोकाजवळच्या दोषाला आज सर्रास वापरली जाते. भोक खूप मागे असेल तर दोन टप्पे लागतात, मध्ये किमान सहा महिने. नंतर आठवडा-दहा दिवस नळी असते. त्यासाठी दोन डायपर घालतात: आतल्याला भोक पाडून नळीचं टोक बाहेरच्यात सोडायचं, म्हणजे शू बाहेरच्यात आणि शी आतल्यात.

‘परत परत ऑपरेशन करावं लागतं’, ही भीती अर्धी खरी. टाक्यांतून शू झिरपणं, नवं भोक आकसणं हे होतं; टोकाजवळच्या दोषात कमी, मागच्या दोषात बरंच जास्त. झिरपत असेल तर सहाएक महिने थांबून ते दुरुस्त करतात. आणि उलट बाजूने: भोक टोकाच्या अगदी जवळ, धार सरळ आणि बाक नसेल तर ऑपरेशन न करणंही चालतं.

मूलबाळाचं म्हणाल, तर वीर्यातले शुक्राणू गोट्यांत तयार होतात आणि या ऑपरेशनमध्ये त्यांना कुणी हात लावत नाही. भोक खूप मागे आणि गोट्याही न उतरलेल्या असतील तर पुढे अडचण येऊ शकते, पण ती मूळ दोषामुळे. मोठा बाक तसाच ठेवला तर संबंधच नीट येत नाहीत, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावी नाही.

बाळाला लहान मुलांच्या सर्जनकडे न्या आणि अशी ऑपरेशनं ते नेहमी करतात का, हे न लाजता विचारा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगेल. जाताना रेशनकार्ड सोबत असू द्या.