साहेबांचा डबा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी ज्ञान पाजळलं, "साहेबांना दिवाळीला सुकामेवा दिला तर बिघडलं काय? संस्कृती आहे आपली." खाली अंगठ्यांची रांग!

कसली संस्कृती? मी एका कंत्राटदाराकडे अकाउंट्सला होते. दसरा झाला की सरकारी साहेबांची यादी निघायची. कुणाला चांदीचं नाणं, कुणाला काजू-बदाम, कुणाला नुसती सोनपापडी, हे त्या टेबलावर आपली किती बिलं अडकतात यावर ठरायचं. साहेबांची बदली झाली की नाव कट, त्याच ओळीत नवे साहेब. प्रेमाचा डबा असता तर बदलीच्या गावीही गेला असता ना?

नियम आहेत, मान्य. केंद्राच्या गट अ आणि ब अधिकाऱ्याला ५,००० रुपयांवरच्या भेटीला सरकारची परवानगी लागते. पण प्रासंगिक जेवण, गाडीतून दिलेली लिफ्ट ही भेट धरतच नाहीत. आणि जे काही कळवायचं ते सरकारला, तुम्हाआम्हाला नाही. अकोल्याच्या पीएफ कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात काय भेटी आल्या, हे माहिती अधिकारात विचारलं गेलं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, ही वैयक्तिक माहिती; व्यापक जनहित दाखवा, मग बघू. अहो, कागदच देणार नसाल तर दाखवायचं कशावरून?

त्याच वर्षी वॉलमार्ट या अमेरिकन दुकान-कंपनीचा लॉबिंगचा, म्हणजे लोकप्रतिनिधींना आपल्या बाजूनं वळवण्याचा, खर्च गाजला, त्यात भारतात शिरकावाचा विषयही होता. संसद दणाणली. आपल्याला कळलं कसं? अमेरिकेच्या कायद्यानं कंपनीला ते तिथल्या सिनेटकडे लिहून द्यावं लागतं म्हणून. बरं, तो पैसा तिकडचा, तिकडच्या लोकप्रतिनिधींसाठी, मान्य. पण आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही, म्हणजे इथला खर्च विचारायची सोयच नाही.

आमच्या यादीत तळाला शिपाईमामा असायचे. त्यांच्या सोनपापडीवर माझा कधीच राग नव्हता. फोन करून "ताई, मिळाली बरं का" म्हणणारे ते एकटेच. नाणेवाल्यांकडून पोच म्हणून येत नसे. कशी येईल?

म्हणून म्हणते, घेणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोडू नका, देणाऱ्याला लिहायला लावा. व्यापाऱ्यांना आणखी एक कटकट होईल, होऊ दे. भेटवस्तूंवर जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, त्यामुळे तो हिशेब वेगळा काढावाच लागतो. आम्ही काढायचो. त्यात फक्त नाव, पद आणि त्या टेबलावरून वर्षभरात सुटलेली बिलं जोडा, आणि टाका वेबसाइटवर. एका दुपारचं काम आहे, मी स्वतः करून देते.