खुलासा: मराठी पुस्तकं रद्दीत गेलेली नाहीत

‘बेळगावच्या कॉलेजनं मराठी पुस्तकं रद्दीत काढली’ असा मेसेज गोण्यांच्या फोटोसह खानापूर-निपाणीपर्यंत फिरतोय. त्या गोण्या मी, तिथल्या ग्रंथपालानं, स्वतः बांधल्यात. त्यात जुन्या अभ्यासक्रमाची, वाळवीनं पोखरलेली क्रमिक पुस्तकं आहेत. प्रत्येकाचा नंबर दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं नोंदतात त्या वहीत, लाल शाईनं खोडलाय. कुणीही येऊन पाहावं. मराठी साहित्य ८९१.४६ या विषयवार वर्गीकरणाच्या क्रमांकाखाली जाग्यावरच आहे. फक्त भिंतीला ओल आली म्हणून रॅक खिडकीकडं सरकवलाय.

ग्रंथालय ही वर्धिष्णू, म्हणजे सतत वाढत जाणारी संस्था, असं भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ सालीच मांडलं. जागा केली नाही तर नवं पुस्तक ठेवायचं कुठं? खेड्यातून बसनं येणारी पोरं हक्कानं कादंबरी मागतात, त्यांच्यासाठीच मी ही नोकरी धरली. तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.